कॉटवरचा भोपळा

वाई, ३ फेब्रुवारी

अहो,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पाकीट तरी कट करता येणार नाही. मयूरीवन्संकडून कळलं की तुम्ही कुपवाडला कारखान्यातच पथारी टाकता आणि जेवायला खाणावळीत जाता. सख्खी बहीण सांगलीत असताना खाणावळ! माझ्याशी बोलायचं नाही, इतपत समजू शकते. वन्संच्या पोळ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?

बरं, कामाचं लिहिते. अनीशच्या हिंगाच्या डबीतल्या तीन बिया काल रात्री कोमट पाण्यात टाकल्या. त्याच त्या, राक्षसी भोपळ्याच्या, त्यानं परदेशातून मागवलेल्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या. गेल्या पावसाळ्यात त्यातली एक लावली आणि बाकीच्या जपून ठेवल्या. गणपतीत जेवताना तो काय म्हणाला होता, आठवतं? "पावसात फळ नासायची भीती असते आई. पुढच्या वेळी थंडी असतानाच घरात रुजवायच्या, होळीला परसात लावायच्या. पाऊस यायच्या आत बाबांपेक्षा जड भोपळा काढून दाखवतो." तुम्ही म्हणालात, मग मीही वजन वाढवतो, बघू कोण जिंकतंय. आपण तिघंही हसलो होतो. दसऱ्यानंतर तो गेला.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिलं. लिहिताना हात थांबला नाही, याचंच वाईट वाटलं.

तर मी ठरवलंय की हे काम मी पुरं करणार. त्याची अर्धवट राहिलेली बाकीची कामं कुणालाच करता येणार नाहीत. शिरवळच्या कंपनीत त्याच्या मशीनवर दुसरा मुलगा उभा राहिला असेल. लग्नाचं बोलणं तर आपण चालवलेलंच नव्हतं, नुसतं मनात होतं. हे एवढंच माझ्या हातात येण्यासारखं आहे. होळीला परसात त्याचा वेल लागला पाहिजे. नाही लागला तर त्याचं म्हणून जिवंत असं या घरात काही राहणार नाही.

गेल्या पावसाळ्यातल्या वेलाचा भोपळा तसाच आहे, त्याच्या कॉटवर. दिवाळीत तुम्ही आणि शेजारच्या भाऊसोनं उचलून ठेवला तसाच, देठ खिडकीकडे करून. जमिनीवर ठेवला तर ओल लागते, म्हणालात. ओल न लागणाऱ्या जागा घरात दुसऱ्याही होत्या. पुढच्या आठवड्यात तुम्ही बॅग भरलीत.

शाळा ठीक चालली आहे. जेवते वेळेवर. काळजी नसावी, करत असाल तर.

विनोदिनी


वाई, १२ फेब्रुवारी

अहो,

तीनही बिया कुजल्या.

चूक माझीच. मटकीला आणते तसे मोड आणायला गेले. ओल्या फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधली, डब्यात घातली, वर झाकण लावलं आणि डबा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिला. चौथ्या दिवशी उघडला तर वास आला. बी दाबलं की आतून पांढरा चिकट द्रव. आयुष्यभर चौथीच्या मुलांना कापसावर वाल रुजवायला लावणारी मी! "बी रुजायला काय काय लागतं?" असं विचारलं की अख्खा वर्ग ओरडतो, पाणी, हवा, ऊब. कुणीतरी हमखास 'उजेड' म्हणतं. मग मी सांगते, रुजायला उजेड लागत नाही बाळांनो, उजेड नंतर लागतो. असं दरवर्षी सांगणाऱ्या बाईनं हवाच कोंडली.

आता डबीतल्या उरलेल्या सगळ्या काढल्या आहेत. अनीश करायचा तशी नेलकटरच्या कानशीनं प्रत्येकीची कड घासली, टोक सोडून. तो हे करत बसायचा तेव्हा मी भाजी निवडता निवडता नुसतं हूं हूं करायचे. तरी बरंच कानात राहिलंय म्हणायचं. फडकं या वेळी सैल ठेवलं आहे. जागा इन्व्हर्टरच्या डोक्यावर. विरजणही हल्ली तिथंच लागतं, बाकी घर गार पडलेलं आहे.

पण या बिया जुन्या आहेत, आणि मला त्यांचा भरवसा वाटत नाही. ताज्या बिया कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. कॉटवर. त्याच्या हातच्या वेलाच्या, पोटभर असतील. पण त्यासाठी भोपळा चिरायला हवा, आणि तो मी कसा चिरू?

तुमच्या घरात आले त्या वर्षी सासूबाईंनी सांगितलं होतं, आख्ख्या भोपळ्याला बाईनं सुरी लावायची नाही. घरातल्या पुरुषानं पहिली चीर द्यायची, मग बाईनं फोडी करायच्या. "भोपळा म्हणजे घरातला थोरला लेक. लेकावर आई सुरी धरते होय गं?" डी.एड. झालेली मी, पदराआड हसले होते. पण एकदाही मोडलं नाही. तुम्ही पाळीवर असलात की मी अनीशला हाक मारायचे, "ये रे, सुरी लाव." सहा-सात वर्षांचा असेल तेव्हा. जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी दाबून एवढीशी चीर पाडायचा आणि कंबरेवर हात ठेवून मला म्हणायचा, "आता कर तू." जसा काही सगळा स्वयंपाक त्यानंच केला.

आता या घरातला पुरुष म्हणजे तुम्ही. एका दिवसासाठी या. सकाळच्या एसटीनं या, चीर द्या, संध्याकाळी परत जा. मी चहाशिवाय काही विचारणार नाही.

विनोदिनी


वाई, २१ फेब्रुवारी

अहो,

एक फुटली!

काल सकाळी फडकं उलगडलं आणि एका बीच्या टोकाशी पांढरा ठिपका. मला वाटलं फडक्याचा दोरा असेल. चष्मा लावून पाहिलं, मुळाचं टोक! मी तशीच परसात धावले, भाऊसोला कुंपणावरून हाक मारली. तो म्हणाला, "वैनी, आवं हळू, पडाल. काय लॉटरी लागली काय?" मी त्याला तळहातावर बी दाखवलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि कुंपणावरून वाकून पाहिलं. मग म्हणाला, "आपल्या अनीशचंच हाय न्हवं?" मला रडू आलं. चार महिन्यांत कुणी 'आपल्या अनीशचं' असं म्हटलं नव्हतं. लोक नाव टाळतात, जसं काही मी विसरले असेन आणि त्यांच्यामुळे आठवेल.

दह्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून, नारळाचा भुसा आणि माती घालून त्यात लावली आहे. मूळ खाली, फार खोल नाही. डबा इन्व्हर्टरवरच आहे. वर आली की दक्षिणेच्या खिडकीत.

बाकीच्यांनी दाद दिलेली नाही. दोन मऊ पडल्या, त्या टाकल्या. उरलेल्यांना रोज फडकं बदलते.

तुम्हाला फोन केला होता, कालही आणि आजही. हे सांगण्यासाठीच, दुसरं काही नाही. पूर्ण रिंग वाजली. कारखान्यात आवाज असतो, ऐकू आली नसेल असं मी स्वतःला सांगते.

कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला आहे. घाटावरून ताशा ऐकू येतो. मी गेले नाही. रोप वर येईल तेव्हा घरात कुणीतरी असायला हवं.

विनोदिनी


वाई, २७ फेब्रुवारी

अहो,

मी ते मारलं.

कोंब वर आला तो बीचं टरफल डोक्यावर घेऊनच. पानं आत चिमटलेली. असं होतं कधी कधी, अनीश त्याला हेल्मेट म्हणायचा. मला तो शब्द पुन्हा लिहवत नाही, म्हणून टोपी म्हणते. टोपी काढायची नाही, नुसतं पाणी शिंपडायचं, त्याचं ते काढतं, असं तो सांगायचा. मला आठवत होतं. खरंच आठवत होतं. एक दिवस थांबले, दुसऱ्या दिवशीही थांबले. तिसऱ्या दिवशी वाटलं, आत गुदमरतंय. नखानं हळूच सोडवायला गेले आणि टोपीबरोबर दोन्ही पानं हातात आली. मातीत नुसता देठ उरला. अजून उभा आहे, हिरवागार. त्याला अजून कळलेलं नाही.

इन्व्हर्टरवरच्या बाकीच्या मेल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी फडकं बदलते. सवय लागली.

आणखी एक. शाळा ठीक चालली आहे असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. संक्रांतीनंतर मी शाळेत गेलेली नाही. हजेरी घेताना 'अ'वरच अडकले आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मुख्याध्यापिकाबाई भल्या आहेत, म्हणाल्या, रजा घ्या. तेव्हापासून मी घरात, बिया आणि भोपळा. आता तरी तुम्हाला खरं कळलं.

भाऊसो काल येऊन कॉटपाशी वाकला. बोटानं टिचकी मारून पाहिली. "वैनी, आवाज बदललाय बगा. लय दिवस झालं. मी चिर देतो की, त्यात काय एवढं? न्हाईतर आतनं सडंल." मी नको म्हटलं. तो चांगला माणूस आहे, पण तो शेजारचा आहे. हा भोपळा शेजाऱ्यानं चिरायचा नाही. दसऱ्यानंतर सुतकातसुद्धा या वेलाला रोज पाणी कोण घालत होतं? तुम्ही. घरात माणसं भेटायला आलेली आणि तुम्ही परसात पाटावर बसून वेलाशी. पानं धुतलीत, फळाखाली पेंढा सारलात. मी खिडकीतून बघत होते. तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस टिकेल, आणि याच्या आधारानं मीही टिकेन.

मयूरीवन्संना विचारलं तर म्हणाल्या, "दादा म्हणतो, भाऊसोकडून चिरून घे म्हणावं." म्हणजे पत्रं पोचतात. वाचताही. मग एवढंच सांगा, त्याला सुरी लावायला तुमचं मन धजत नाही, की माझं तोंड बघायला? पहिलं असेल तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. तुमच्या हातावर हात ठेवीन. नियम काय, कोण बघतंय?

होळी तोंडावर आली. या हो. हात जोडते.

विनोदिनी


वाई, ८ मार्च

अहो,

कुरिअरवाला आला तेव्हा मला क्षणभर वाटलं, तुम्हीच दार वाजवलंत. तुम्ही कडी दोनदा वाजवता, त्यानंही दोनदाच वाजवली.

खोक्यात सुरी. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, टोकाला बूच लावलेलं. चिठ्ठी नाही. मी वर्तमानपत्रसुद्धा उलटसुलट करून पाहिलं, कडेला काही लिहिलंय का म्हणून.

नाव नसलं तरी कळलं. करवतीच्या जुन्या पात्याची, तुमच्या हातची धार. मूठ शिसवी, बोटांसाठी खाचा केलेल्या, आणि त्या माझ्या बोटांच्या मापाच्या आहेत. इतक्या वर्षांनी माझ्या बोटांचं माप तुम्हाला पाठ आहे आणि वाईची एसटी सापडत नाही. किती संध्याकाळी घासत बसला असाल हो! तेवढ्यात चार वेळा येऊन गेला असता.

पात्यावर तोंड दिसतं इतकं घासलंय. त्यात मी मला पाहिलं. मी आता सासूबाईंसारखी दिसायला लागले आहे.

समजलं मला. चीर पाडायच्या आधीच "आता कर तू" म्हणून तुम्ही मोकळे झालात.

विनोदिनी


वाई, १६ मार्च

देवदत्त,

आज नाव घेऊन लिहिते. उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. पण मोडायला आता दुसरं काही राहिलेलं नाही.

होळीच्या दिवशी चिरला. वेल लावायचा दिवस तोच होता, म्हणून. एकटीला उचलवत नाही, तेव्हा कॉटवरच जुनं लुगडं पसरून मी त्याच्याशेजारी बसले. देवाला नमस्कार करायला गेले, पण हात जोडवेनात. सासूबाईंची क्षमा मागितली. मग त्याची मागितली, मोठ्यानं, नाव घेऊन. तुमची सुरी लोण्यासारखी गेली. धार चांगली लावता तुम्ही, मानलं.

सडलेला नव्हता. वास गोड आला, पिकलेल्या खरबुजाचा. मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. दोन्ही हातांनी फाकवला आणि आत पाहिलं.

बिया रुजल्या होत्या. आतल्या आत, सगळ्या. बोटभर, वीतभर लांब पांढरे कोंब, एकमेकांत गुंतलेले, भिंतीला लागून गोल गोल फिरलेले. वाट शोधत होते. काहींना दोन दोन पानंही आली होती, पिवळीजर्द, कधी ऊन न पाहिलेली. बरेच वाट बघून काळे पडले होते. काही त्याच आठवड्यातले असावेत, टवटवीत होते. पाणी होतं, हवा असेल थोडी, ऊब होती. उजेड तेवढा नंतर लागतो.

जिवंत दिसले ते सोडवले. या वेळी नखं लावली नाहीत, पाण्यात तरंगवून सोडवले. घरात होती नव्हती ती भांडी घेतली, कप, वाट्या, अनीशच्या डब्याचे तिन्ही कप्पे. खिडकीत ओळीनं मांडले. एक रात्र ते उभे होते. मी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि त्यांना म्हणाले, आता बघा, आता सगळं ठीक होणार. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन आलं आणि एकेक करून सगळे आडवे झाले. काल धीर करून पाहिलं, बुडाशी पाणी होऊन गेलं आहे. एकही नाही राहिला, देवदत्त. डबीही रिकामी आहे.

भाऊसो बघून गेला. तो गरीब मला दुखवायला बोलला नाही, त्याला वाटलं तेवढं बोलला, "म्हैन्यामागं चिराया पायजे हुता, वैनी. तवा बी धड निघालं असतं."

महिन्यामागं मी तुम्हाला दुसरं पत्र लिहिलं होतं. सकाळच्या एसटीनं या, संध्याकाळी परत जा, असं.

हे तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण का नाही लिहायचं? लिहिते. तुम्ही आला असता तर आज परसात वेल असता. मी रीत मोडली असती तरी असता, भाऊसोला हो म्हटलं असतं तरी असता, हेही खरं आहे. दोष आपण दोघांनी निम्मा निम्मा वाटून घेतला असता. पण वाटून घ्यायला समोर माणूस लागतं. तुम्ही नाही म्हटल्यावर माझ्या वाट्याला अख्खा आला.

आणि एक गोष्ट रात्रंदिवस डोक्यातून जात नाही. मी इन्व्हर्टरपाशी बसून मेलेल्या बियांची फडकी बदलत होते, त्यांना ऊब देत होते, तेव्हा पलीकडच्या खोलीत हे सगळे उगवत होते. मधे एक भिंत होती. मी रोज त्या खोलीत जाऊन त्याच्यावरची धूळ पुसायचे. हात फिरवायचे. मला काही म्हणजे काही कळलं नाही. आई म्हणवते स्वतःला.

गर चांगला होता. टाकवेना. भाऊसोकडे दिला, गल्लीत वाटला, उरलेल्याचे घारगे केले. अनीशला आवडायचे तसे, जायफळ घालून. मयूरीवन्संचे दीर उद्या इथून सांगलीला चालले आहेत, त्यांच्याबरोबर डबा देते. तुम्ही खा, नाहीतर कारखान्यातल्या लोकांना द्या. मी एक तोंडात घातला होता, गिळवला नाही. सुरी धुऊन, तेल लावून फळीवर ठेवली आहे. आता हिला या घरात काम नाही. परत पाठवायची का, तेवढं वन्संकडे कळवा. यापुढे मी लिहीन असं वाटत नाही.

कॉट रिकामी केली. गादीला मधोमध मोठा गोल खड्डा पडलाय, चार महिन्यांच्या ओझ्यानं. उन्हात घातली, बडवली, उलटी करून पाहिली, तरी तो जात नाही. चादरीखालूनही दिसतो. काल दुपारी काही सुचेना तेव्हा मी अंगाची मुटकुळी करून त्यात निजले. बरोबर मावले.

विनोदिनी